सुरंगीच्या पानावर दत्ताराम

उर्मिला परुळेकरचा नवरा दिवाळीपासून सुरंगीच्या एका पानाच्या पाठीवर राहायला गेला होता. बायकोला सोडून माणसं कुठे कुठे जातात, हा पानावर गेला. त्यात एवढं काय. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती, म्हणून सूक्ष्मदर्शकातून रोज भेट तरी व्हायची. दत्तारामला आता आठ पाय होते, पण डावीकडे लंगडायची ढब तीच. भोवती लाल कोळी, म्हणजे ती धुळीच्या कणाएवढी कीड, जाळं विणत पानाचा रस पीत बसलेली असायची.

"जेवलात?" ती विचारायची.

"रस बरा आहे. तू कधी येतेस?"

तिचा जीव तुटायचा. घरी ती अजून दोघांचा चहा टाकायची आणि उरलेला मोरीत ओतायची. तिला तो हवा होता, बस्स. माणसाएवढा नाही तर नाही.

पान पांढरं पडत चाललं. "हे वाळलं की मी धागा सोडणार," तो एकदा म्हणाला. "वारा नेईल तिकडे."

त्या दिवसापासून तिने प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. सगळे घामाने हैराण झाले, पण तिने कुणाला दाद दिली नाही. पुढे खिडकी उघडायचा प्रश्नच उरला नाही. जाळं तावदानांवरून दारापर्यंत पोचलं.

ते हाताने बाजूला सारत विभागप्रमुख केळुसकर सर आत आले. "बाई, देवळामागच्या सगळ्या सुरंगी पिवळ्या पडल्या. कीड कुठली ते कळल्याशिवाय औषध कसं ठरवू? जात ठरली का?"

"सगळ्या माद्याच आहेत, सर."

मादीवरून या किडीची जात सांगता येत नाही. नर काचपट्टीवर कुशीवर निजवावा, तेव्हाच ओळख पटते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एखादा नर असेलच," म्हणत सर भिंगावर वाकले. दुसऱ्याच्या नवऱ्याकडे असं टक लावून बघावं का, पण सरांना काय सांगणार. "हा काय. लंगडतोय."

सरांनी ओल्या ब्रशच्या टोकाने दत्तारामला उचललं आणि काचपट्टीवरच्या थेंबात ठेवलं.

"कुशीवर होत नाही हा," ते कुरकुरले. "तुमचा हात हलका आहे, तुम्ही बघा."

ती भिंगाशी वाकली. "अहो, वळू नका," ती हळूच म्हणाली.

"दमलो गं आता. ये ना."

आणि तो वळला, घरी वळायचा तसाच, भिंतीकडे तोंड करून, मागे तिच्यापुरती जागा सोडून.

"झालं वाटतं," सर म्हणाले. चिमट्यात पातळ काच धरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाई? गेल्या कुठे?"

थेंब गार होता. उर्मिलाने दत्तारामच्या पाठीला गाल टेकला. वरून, अगदी सावकाश, काच खाली येत होती.