डबा तुमचा, प्रोग्राम कंपनीचा

“मासी, मोढुं जरा पेली बाजू करो ने,” हितेश गुजरातीत म्हणाला आणि त्याने डावा पंजा मशीनच्या बटणांवर आडवा धरला. त्याला मशीन चालू करायचा कोड टाकायचा होता आणि धुरपदाबाईने तोंड पलीकडे करायचं होतं, तो बघायचा नव्हता.

ती हलली नाही. लिंबायत वस्तीतलं तिचं एसटीडी बूथ म्हणजे पत्र्याचं एक खोकं. त्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याचा श्वास अडायचा. तोंड फिरवलं तर नाक पत्र्याला टेकायचं.

भिकन, तिचा नवरा, रंगाईच्या मिलमध्ये होता. तो गेल्यावर मिलने जे हातावर ठेवलं त्यातून तिने हे बूथ उभं केलं आणि बोलणं मोजून चिठ्ठी छापणारं मशीन रोख देऊन घेतलं. कंपनीने त्यात तारीख भरून ठेवली आहे, हे तेव्हा कोणी बोललं नव्हतं. वर्ष सरलं की मशीन आपोआप बंद पडायचं. पडद्यावर लाल अक्षरं उमटायची आणि वर्षाची फी वसूल करायला कंपनीचा हितेश हजर व्हायचा. गेली दोन वर्षं तिने मुकाट्याने तोंड फिरवलं होतं. दोन्ही वेळा घरी गेल्यावर तिला जेवण गेलं नव्हतं.

“हे मशीन कोणाचं?” तिने विचारलं.

“तुमचंच ने, मासी. डबा तुमचा. आतला प्रोग्राम कंपनीचा.”

“मंग तुमचं ते काढून ने. माझा डबा राहू दे.”

हितेश हसला. त्याच्या गालात मावा होता. बाहेर वाकून तो पचकन थुंकला, बोटाने ओठ पुसले आणि तेच बोट पुन्हा बटणांवर ठेवलं. “प्रोग्राम विना डबा शुं कामनो?”

“मंग मला विकलं काय?”

“वापरायची परमिशन.”

 परका माणूस चुलीपाशी यावा, पिठाच्या डब्यात हात घालावा आणि वर आपल्यालाच बाहेर उभं राहायला सांगावं, तसं तिला झालं. त्याच्या घामाचा ओशट डाग तिच्या मशीनवर उमटला होता. रोज सकाळी ती ते मशीन पदराने पुसत असे.

“मी न्हई फिरवणार तोंड,” ती म्हणाली.

“तर मी कोड नाही टाकणार. नियम आहे.”

त्याने पिशवी खांद्याला लावली, तेवढ्यात फोनसाठी दारात उभा असलेला छगन पुढे सरसावला. तो लूमवर कापड विणायच्या कामाला होता. रात्रपाळी करून तसाच आला होता. केसांत, भुवयांवर तंतू चिकटले होते. त्याची बायको बाळंतपणाला शिरपूरच्या दवाखान्यात होती आणि दवाखान्यासमोरच्या दुकानात त्याचा सासरा फोनपाशी बसून होता.

“काकी, फिराव ना तोंड,” छगन हात जोडून म्हणाला. “मन्हं बोलनं व्हऊ दे. दुसरं बूथ स्टेशनकडे शे, तठे गर्दी ऱ्हास.”

तिने छगनकडे पाहिलं. मग हळूच वळली आणि पत्र्याकडे तोंड करून उभी राहिली. मागून बटणांची टिकटिक ऐकू आली. हितेश सावकाश दाबत होता, मुद्दाम.

“बस, मासी. एटलुंज, एवढंच होतं.”

छगनचा फोन लागला. तो ओरडून बोलला, हसला आणि मग डोळे पुसत बाहेर आला. “पोर व्हयनी, काकी!”

“गुणाची व्हवो,” धुरपदाबाई म्हणाली. तिला आनंद झाला होता. पण तोंडात आलेली कडू चव काही जाईना.

दुपारी तिने वायर उपटली, मशीन पिशवीत घातलं आणि रिंग रोडवरच्या साडी मार्केटातलं कंपनीचं ऑफिस गाठलं. मोठ्या टेबलामागे अशोक नावाचे साहेब होते. मराठी माणूस आहे, हे कळल्यावर तिला जरा धीर आला.

“साहेब, तुमचं जे यात आहे ते काढून घ्या,” मशीन टेबलावर ठेवत ती म्हणाली. “मला फक्त माझं मशीन द्या.”

साहेबांनी चहा मागवला. मग स्वच्छ, गोड मराठीत समजावलं, “बाई, सगळीकडे असंच असतं. तुम्ही वस्तू घेता, तंत्रज्ञान नाही. आणि फीबद्दल म्हणाल तर आमची ती सेवा आहे.”

“सेवा?”

“तुमच्याच सोयीसाठी. असं करा, हे ठेवून जा. नव्या मॉडेलमध्ये बदलून देऊ, थोडा फरक भरून.”

हितेशचं थुंकणं तिला एक वेळ सोसलं होतं. हे गोड बोलणं सोसवेना. चहावर साय धरत होती. तिने कपाला हात लावला नाही. साहेबांचा हात मशीनकडे येताना दिसला, तशी तिने ते उचलून छातीशी धरलं आणि जिना उतरली.

पुढे तिने टेलिफोनची लाईन परत केली, मशीन पुन्हा कधी जोडलं नाही आणि घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम धरलं. पण ते नंतरचं. त्या दुपारी खाली फाटकावर चौकीदाराने तिला अडवलं.

“माँजी, गेट पास?”

“कशाचा?”

“मशीन बाहर जा रही है. ऊपर से चिट्ठी लाओ.”

“माझं आहे ते. मीच आणलं आत.”

“सब यही बोलते हैं. चिट्ठी लाओ.”

ती वर गेली नाही. त्याच्या बाजूने पुढे निघाली. चौकीदाराने हात टाकला, तो मशीनमागे लोंबणाऱ्या वायरवर पडला. वायर ताणली गेली. धुरपदाबाई थांबली, पण मशीनवरची मिठी तिने सैल केली नाही. साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल दोघांना वळसा घालून जात होते. चौकीदाराने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वायर सोडून दिली.

तिने ती वायर शांतपणे मनगटाभोवती गुंडाळली, टोक नीट आत खोचलं आणि रस्त्यावर उतरली.