वाचनालयामागचा वाफा

आर्डिसने बागमंडळासमोर शब्द दिला होता: बिगोनिया मिशिगनचा हिवाळा काढेल. तोही वाचनालयाच्या मागे, उत्तरेच्या भिंतीला, जिथे शेवाळाखेरीज काही टिकलं नव्हतं.

मंडळाची अध्यक्ष फिलिस तेव्हाच हसली होती. "अगं, बिगोनिया म्हणजे खिडकीतल्या कुंडीतलं लाडावलेलं बाळ! पुढच्या जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत कोंब दिसला नाही, तर तिथे खडी. ट्रकवाल्याला सांगून ठेवलंय मी."

लावल्यावर पहिल्याच सप्टेंबरात गुलाबी फुलं आली. थंडी पडल्यावर आर्डिसने वाफ्यावर मेपलच्या पानांचं जाड पांघरूण घातलं. एप्रिलच्या साफसफाईत फिलिसने ते खरवडून गाडीत भरलं आणि घरी नेलं.

"पांघरूण का ओढलंस?"

"वाफा कसा नीटनेटका दिसायला हवा! आणि फुकटचं खत कोण सोडतं?"

त्याच आठवड्यात पुन्हा बर्फ पडला. मे संपत आला. गावभर ट्यूलिप फुलून गेले, वाचनालयामागे मात्र नुसती काळी माती.

"उकरून बघू का?" नवऱ्याने, मर्लने, विचारलं.

"झोपलेल्याला उठवून 'झोप लागली का' विचारतात होय?" आर्डिस खेकसली. असं उकरून उकरून तिने घरची तीन झाडं स्वतःच्या हाताने मारली होती. ही शिकवण कुठल्या पुस्तकातली नव्हती.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारपर्यंतही वाफा गप्पच. आर्डिसने रात्रीच्या जेवणाला बटाटे सोलायला घेतले आणि सोलता सोलता निम्मे बटाटे सालातच घालवले. तेवढ्यात फिलिस दारात. हातात एक इवलंसं रोप.

"तुला तण ओळखता येतं ना? माझ्या होस्टाच्या झाडांमध्ये शेकड्याने उगवलंय मेलं."

आर्डिसने रोप उलटं धरलं. वाकडंसं पान, पाठीवर लालभडक शिरा.

"फिलिस, एप्रिलमध्ये तिथे पानं कुठली पसरलीस गं?"

"त्याच होस्टांवर," फिलिस म्हणाली.

"बिगोनियाच्या पानाच्या बगलेत मिऱ्याएवढे कंद धरतात," आर्डिस म्हणाली. "थंडीत गळतात. माझी पोरं पांघरुणासकट पळवलीस तू. तुझ्याकडे ऊन लवकर येतं, म्हणून आधी जागी झाली."

शनिवारी खडीचा ट्रक आला. फिलिसने तो भरलेलाच परत पाठवला आणि गुडघे टेकून आपल्याकडची ती रोपं परत लावायला बसली, आर्डिसच्या हुकुमाखाली. "एवढं खोल नको. लग्नाचा केक कापत नाहीयेस तू, हलक्या हाताने!" भिंतीलगतच्या मातीत जुन्या कंदाचं लाल टोक पहिल्यांदा दिसलं ते फिलिसलाच.

सप्टेंबरात शेजारच्या गावाचं बागमंडळ पाहायला आलं. मावळतीचं तिरपं ऊन पानांतून आरपार गेलं आणि अख्खी उत्तरेची भिंत लाल झाली.

"हे हिवाळ्यात टिकतं?" पाहुणीने अध्यक्षांना विचारलं.

"ते आर्डिसला विचारा," फिलिस म्हणाली. "मी फक्त पानं पळवते."

आर्डिसने हातमोजे काढले, मातीने भरलेले हात कमरेवर ठेवले आणि चांगली ऐसपैस उभी राहिली. "विचारा," ती म्हणाली. "वेळ आहे ना तुम्हाला?"