डाव्या खुर्चीवरचा माणूस

क्लेम हॉस्टेटरला विमानात बसायची भीती वाटे. हे त्याच्याखेरीज फक्त रॉस्को टिबेट्सला ठाऊक होतं, आणि रॉस्को कालपासून बेपत्ता होता.

१९११चा सप्टेंबर. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका गावाच्या जत्रेत दोन विमानं आली होती आणि ती उडवणारी ही दोन पोरं, दोघंही विशीच्या आतली. मागच्या गावात त्यांनी आभाळातून चोरीला गेलेली डुकरीण शोधून दिली होती. खरं तर ते वाट चुकले होते आणि उतरायला जागा बघत होते, तिथे ती भेटली. पण वर्तमानपत्राने ‘आकाशातले गुप्तहेर’ म्हणून फोटो छापला. आपलं छापून आलेलं कौतुक खोडून काढणारा वैमानिक अजून जन्माला यायचा आहे.

काल सकाळी रॉस्को एकटाच विमानाच्या तंबूत गेला. थोड्या वेळाने त्याचं विमान एकाच माणसाला घेऊन उडालं, मक्याच्या शेतांवरून पश्चिमेला गेलं आणि परत आलंच नाही. उडवणाऱ्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं; चामडी टोपी आणि चष्मा चढवला की सगळे वैमानिक एकाच आईचे दिसतात. गावाने मात्र संध्याकाळपर्यंत निकाल लावला. पोरगं विमान घेऊन पळालं. फळांचं सारण भरलेले गोड ‘पाय’ विकणाऱ्या बायकांनी तर त्याच्यासोबत एक मुलगीही धाडून दिली.

“पळाला नाहीये तो,” क्लेम शेरीफ गॅन्ट्रीला म्हणाला. “त्याचे बूटसुद्धा इथेच आहेत.”

“अनवाणी पळाला असेल,” शेरीफ म्हणाला. त्याला पुरावा कधीच आडवा येत नसे.

आज दुपारी क्रँडल नावाचा एक सद्गृहस्थ आला. विमा कंपनीचा माणूस, असं त्यानेच सांगितलं. “मला वर घेऊन चल. दोघं मिळून शोधू तुझ्या दोस्ताला. जन्मात कधी उडालो नाही बरं का मी, जपून ने रे बाबा.” त्याने हॅट हनुवटीखाली रुमालाने बांधली आणि डाव्या खुर्चीवर चढून बसला. “पूर्वेकडे घे. रेल्वे तिकडे आहे.”

“पण तो पश्चिमेला गेला होता.”

“दाखवायला गेला असेल. चोरांची डोकी तुला काय कळणार!”

ज्या विमानात ते बसले त्याला भिंत नव्हती, तळ नव्हता, पट्टाही नव्हता. पायाखाली एक आडवी काठी आणि काठीखाली इंडियाना. एरवी क्लेम खाली बघतच नसे. आज मात्र खाली बघणं भाग होतं. रॉस्को कुठेतरी पडला असेल, मोडला असेल, अजून हाका मारत असेल. क्लेम मक्याची एकेक ओळ बघत होता आणि मनातल्या मनात देवाला नको नको ती आश्वासनं देत होता.

नदीवर आल्यावर खालून झोत आला आणि डावा पंख एकदम कलला. क्लेमने डावा हात मधल्या दांड्याकडे नेला, तर तिथे आधीच एक हात होता.

घाबरलेला माणूस जवळच्या खांबाला मिठी मारतो. या हाताने दांडा हवा तेवढा ओढला आणि बरोबर वेळेला सैल सोडला. पंख वर आला.

त्या विमानांत तोल सांभाळायचा दांडा एकच, दोन खुर्च्यांच्या मधोमध. डाव्या खुर्चीवर शिकलेला तो उजव्या हाताने धरतो, उजव्या खुर्चीवर शिकलेला डाव्या हाताने. एकदा हाताला वळण लागलं की खुर्ची बदलता येत नाही. वैमानिक भेटले की आधी विचारतात, डावा की उजवा. बाप्टिस्ट की मेथडिस्ट, कुठल्या चर्चचा, हे नंतर. क्लेम आणि रॉस्को दोघंही उजवे. आणि जन्मात कधी न उडालेला हा विमावाला पक्का डावा होता.

क्रँडलने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग क्लेमकडे. मग सावकाश त्याचा डावा हात पलीकडच्या दांड्याशी गेला, विमान वर-खाली करतात त्या.

या विमानात आता दोन वैमानिक होते, म्हणजे एक जास्त होता.

“पश्चिमेला वळव! आता हेही विमान माझंच!” क्रँडल त्याच्या कानात ओरडला.

यावर क्लेमने जे केलं त्याला पुढे लोक शौर्य म्हणाले. त्याच्या हाताला काहीतरी घट्ट धरायचं होतं, एवढंच. डोक्यामागची दोरी हाताला लागली आणि त्याने ती ओढली. ती इंजिन बंद करायची दोरी होती.

सगळं शांत झालं. तारांमधून वारा शिट्टी घालू लागला.

“काय केलंस हे, हरामखोरा!”

“रॉस्को कुठे आहे?”

“ढकलून देईन खाली!”

“ढकला. पण इंजिन बंद असताना एक खुर्ची रिकामी झाली की विमान पालथं होतं. तुम्ही डावे, तुम्हाला माहीत असेलच.”

हे खरं की खोटं, याची क्लेमला काहीच कल्पना नव्हती. पण त्याचा चेहरा इतका पांढराफटक होता की हा थाप मारतोय अशी शंका कुणाच्या बापाला आली नसती. क्रँडलने हात मागे घेतला.

क्लेमने विमानाचं नाक खाली घातलं. मका वर येऊ लागला.

“वर घे! अरे, वर घे पोरा!”

“रॉस्को?”

“बर्फघरात! गिरणीमागच्या! बांधून ठेवलाय. त्याचं विमान पश्चिमेला लपवलंय, ते विकलं की सोडणार होतो, आईची शपथ! जिवंत आहे...” तो थांबला. “काल होता.”

क्लेमने दोरी सोडली, तसं इंजिन पुन्हा धडधडू लागलं. विमान जत्रेतल्या शर्यतीच्या मैदानात उतरलं तेव्हा शर्यत चालू होती. घोडे उधळले, टाळ्या पडल्या. क्रँडल उडी मारून पळाला आणि ‘पाय’वाल्या बायकांच्या टेबलांत अडकला; त्यांनी त्याला सोडला नाही, कारण तो ब्लॅकबेरीच्या ‘पाय’वर पडला होता. शेरीफने सवयीने आधी क्लेमलाच धरलं.

“बर्फघर!” क्लेम एवढंच ओरडत राहिला.

बर्फघराचं दार उघडलं तेव्हा आतून थंड, ओला वास आला. लाकडी भुशाच्या ढिगाखाली बर्फाच्या लाद्या, आणि कोपऱ्यात भुशातून बाहेर आलेले दोन अनवाणी पाय. निळे.

“रॉस्को!”

पाय हलले नाहीत. क्लेम गुडघ्यांवर पडून दोन्ही हातांनी भुसा उकरू लागला. खांदा लागला, तो गार होता. मानही गार. मग तोंडातला बोळा त्याने ओढून काढला आणि आतून एक शिवी आली. बारीक, चिरकी, पण पूर्ण.

“एवढा वेळ?” रॉस्को दात वाजवत म्हणाला. “गुप्तहेर म्हणे!”

क्लेमला हसायचं होतं. तो रडू लागला. शेरीफने आपला कोट रॉस्कोभोवती गुंडाळला, घसा साफ केला आणि विचारलं, “तिकडे ते यंत्र मैदानाच्या मध्येच पडलंय. आता ते उडवून कोण नेणार?”

“घोडे जुंपा त्याला,” क्लेम म्हणाला आणि भुशातच बसून राहिला.