कचरूनानांची फुंक

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. पारनेरात या नावाने मला कोणी हाक मारली नाही. तिथे मी 'लाइटवरची पेटी' होतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. काही वर्षे मुंबईच्या स्टुडिओत काढून १९९२ साली मी पारनेरच्या भीमराजच्या गायनपार्टीत आलो. त्याची धाकटी बहीण जयमाला पार्टीत गायची आणि त्यांचे चुलते कचरूनाना क्लॅरोनेट वाजवायचे. नानांनी क्लॅरोनेट ओठांना लावला की मांडवातली बोलणारी माणसे गप्प होत.

माझ्या अंगावर तीस-एक नॉब होते, पण तयार आवाज एकही नव्हता. एका नॉबने सूर जाड होई, दुसऱ्याने त्याची धार कमी होई, तिसऱ्याने तो हळूच उगवे किंवा एकदम आदळे. आवाज हवा तर तो घडवावा लागे. भीमराज याला वैतागे. जयमालेला मात्र त्यातच मजा वाटे. तिने माझ्यातून बेडूक काढला, पिठाची गिरणीसुद्धा काढली.

१९९५ साली नानांना दम्याने गाठले. फुंक पुरेना. त्यांनी क्लॅरोनेट पुसून ठेवून दिला आणि तालमीला येणे बंद केले. त्याच सुमारास भीमराजने नवा कीबोर्ड आणला. त्यात शंभर आवाज तयार होते, क्लॅरोनेटही होता. बटण दाबले की हजर. आता जुन्याचे काय काम, असे भीमराजचे म्हणणे पडले.

नानांचा क्लॅरोनेट माझ्यातून काढून दाखवते म्हणून जयमालेने आठ दिवस मागून घेतले. रोज संध्याकाळी ती नॉब फिरवी, डोळे मिटून ऐके, पुन्हा फिरवी. सूर जमला तरी तिचे समाधान होईना. नानांचा सूर लागण्याआधी थोडीशी नुसती हवा ऐकू यायची, ती तिला हवी होती. शेवटी माझ्यातली वाऱ्यासारखी खरखर तिने सुरात चिमूटभर मिसळली.

नवव्या दिवशी निवाड्याला नानांनाच बोलावले. ते आमच्याकडे पाठ करून बसले. आधी कीबोर्ड वाजला, मग मी. नाना वळून बसले.

"पयला लई साफ हाय," ते म्हणाले. "लग्नाबिग्नाला त्योच न्या. जुन्या पेटीवानी उन्हात सूर सोडायचा न्हाई. पर दुसऱ्याला दम लागतोय, पोरी. तिथं मीच बसलोय."

दुसऱ्या दिवसापासून नाना तालमीला येऊ लागले. छातीत दम नव्हता, पण बोटे शाबूत होती. ते दोन बोटांनी माझ्या पट्ट्या दाबत आणि जयमाला नॉब फिरवून त्यांना फुंक देई. सावेडीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात एप्रिलच्या उकाड्याने माझा सूर घसरू लागला, तेव्हा गाता गाताच तिने तो सावरला. लोकांनी नानांना तीनदा वाजवायला लावले. त्या संध्याकाळी नाना घरी जाताना मला हात लावून गेले.

१९९८ साली नाना गेले. पार्टी कीबोर्डवर चालू लागली आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी वायर कुरतडली, तीन पट्ट्या मुक्या झाल्या. वर्षाने नानांच्या पुण्यस्मरणाला त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी जयमालेला विचारले, तो आवाज पुन्हा निघेल का? तिने मला खाली उतरवले, वायर जोडून घेतली आणि सकाळभर नॉब फिरवले. आवाज जवळ आला, पण जुळला नाही. तिने हात काढून घेतला.

सुमनबाई म्हणाल्या, "त्यांचा न्हाई ह्यो. पर वळखीचा हाय. वाजव."

जयमालेने वाजवले. सुमनबाई शेवटपर्यंत बसून राहिल्या.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्यावरची धूळ पुसत जा, अधूनमधून ते चालू करा. पण त्याहून आधी, आपली माणसे आहेत तोवर त्यांना कान देऊन ऐकून घ्या. नॉब कोणालाही फिरवता येतात. कुठे थांबायचे, ते ऐकलेल्यालाच कळते.