माझा पाहणारा शेजारी

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे, पण आजवर मी काहीही पाहिलेले नाही. मी कृत्रिम आहे. ग्राइंडरवर काम करणाऱ्या एका मिस्त्रीचा डावा डोळा लोखंडाच्या कणाने गेला. तेव्हा एका कारागिराने त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघत बघत मला रंगवले. तपकिरी बुबुळ, मध्ये काळा ठिपका, शिरांच्या जागी लाल रेशमाचे धागे. मिस्त्रीची बायको म्हणाली, खरा कोणता ते मलाही ओळखू येईना. मी फुगून गेलो.

माझी फुशारकी मिस्त्रीच्या मुलीने उतरवली. शाळेत डोळ्याचा धडा झाला होता. तिने बापाला खुर्चीत बसवले आणि उजव्या डोळ्यावर टॉर्च धरली. बाहुली कशी झटकन आकसली, ते तिने आईला बोलावून दाखवले. मग टॉर्च माझ्याकडे वळवली.

"बाबा, हा तर ढिम्म आहे."

"तो साहेब आहे. नुसता बसून असतो," मिस्त्री म्हणाला.

मग ती सांगत गेली आणि मी थक्क होऊन ऐकत राहिलो. काचेसारखे पारपटल प्रकाश आत घेते. बुबुळ बाहुली लहानमोठी करून तो हवा तेवढाच सोडते. मागचे भिंग जवळचे बघताना फुगते, लांबचे बघताना चपटे होते. दृष्टिपटलावर चित्र उमटते, तेही उलटे! तिथून चेतातंतू संदेश नेतात आणि मेंदू ते सुलट करून समजून घेतो. नाकाच्या पलीकडे एवढा मोठा कारखाना जराही आवाज न करता चालला होता.

कामावर मात्र मिस्त्रीला त्याचा विसर पडे. गॉगलला वाफ धरली की तो कपाळावर सरकवी. "एवढी एक कड घासतो," म्हणे. पहिला डोळा त्या 'एवढ्या'तच गेला होता.

परवा पुन्हा तेच झाले. एक कण सुटला आणि टक्‌कन माझ्यावर आदळला. मिस्त्रीने मशीन बंद केले. माझ्यावरचा ओरखडा बोटाने चाचपला. मग उजवा डोळा तळहाताने झाकला. तेव्हा त्याला तेच दिसले, जे मला रोज दिसते. काहीच नाही.

कारागिराने मला घासून पुन्हा चकचकीत केले. उद्या मी फुटलो, तर तो दुसरा करील. माझ्या शेजाऱ्याचे मात्र त्याला फक्त चित्र काढता येते.

आज गॉगलला वाफ धरली, तेव्हा मिस्त्रीने आधी मशीन थांबवले. काच पुसली, गॉगल डोळ्यांवर चढवला आणि मगच बटण दाबले. मित्रांनो, तुम्हीही एवढे करा.