नुपूरमधला 'नु'

मी एक जुना टॉवेल आहे, मित्रांनो. आणि खरं सांगायचं तर अर्धाच. नाक मुरडू नका! आज फडकं झालो असलो तरी जन्माने मी सोलापूरचा आहे. दुकानदार गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा, "घेऊन जा हो, दहा वर्षं काही होत नाही याला." ती ऐट अजून माझ्या अंगात आहे.

शिरीषराव संशोधनासाठी जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात आले, तेव्हा वृंदाताईंनी मला लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून बॅगेत कोंबलं. तिथल्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांची मुलगी नुपूर पहिलीत गेली आणि शाळेकडून सामानाची यादी आली. त्यात लिहिलं होतं, "झोकिन, नाव घालून." झोकिन म्हणजे जेवताना मांडीवर घ्यायचं काहीतरी असणार, असं वृंदाताईंनी आपलं धरून टाकलं. तीन दुपारी बसून त्यांनी माझ्या मधोमध लाल दोऱ्याने 'नुपूर' असं नाव भरलं. पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, जन्मदाखल्यावर होतं अगदी तसं. काय मिरवलो होतो मी!

दुसऱ्याच दिवशी बाईंच्या चिठ्ठीसकट परत आलो. झोकिन म्हणजे फरशी पुसायचं फडकं. आणि एक नाही, दोन हवीत.

"अगं, पोरीला आपण शिकायला पाठवतोय की फरशी पुसायला?" शिरीषराव भडकले.

"सगळीच मुलं पुसतात म्हणे. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे," असं म्हणत वृंदाताईंनी कात्री उचलली आणि मला मधोमध कापलं. एका तुकड्यावर 'नु' राहिला, दुसऱ्यावर 'पूर'. मी 'नु'. फार रडू आलं मला तेव्हा.

पण मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस त्यानंतरच सुरू झाले. जेवण झालं की वीस मिनिटं सगळी शाळा साफसफाई करायची. मुलं रांगेत वाकायची, दोन्ही हात फडक्यावर, ढुंगण वर, आणि सुटायची धावत! नुपूरला भाषा येत नव्हती, वर्गात ती तोंड उघडत नसे. पण फरशीवर बोलायचं काय असतं? ती सगळ्यांच्या पुढे पोचायची आणि खिदळायची. तिच्या हाताखाली मी मळायचो, झिजायचो, आणि मला ते मनापासून आवडायचं.

व्यायामशाळेचा मोठा लाकडी हॉल शिपाईकाका साइतो-सान मुलांच्या बरोबरीने पुसायचे. नुपूर थोडं जपानी बोलू लागल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "ही लाल अक्षरं कसली?"

"माझं नाव आहे, पण अर्धं अर्धं," नुपूर म्हणाली. "नुसत्या 'नु'ला काही अर्थ नाही. 'पूर'ला आहे. पूर म्हणजे घरात पाणी शिरतं ते."

साइतो-साननी 'पूर'चा तुकडा उचलून हातात धरला. त्यांचं घर समुद्राने नेलं होतं. त्यानंतर तीन महिने ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत याच हॉलच्या फरशीवर झोपले होते. ते म्हणाले, "मग हे फडकं माझ्याकडे दे. याची माझी ओळख आहे."

"आई, मी काही वाईट बोलले का?" घरी आल्यावर नुपूरने विचारलं. वृंदाताईंनी तिला जवळ घेतलं. तेव्हापासून 'पूर' साइतो-सानचा झाला. पण रोज दुपारी हॉलमध्ये आमची भेट व्हायची.

अशी चार वर्षं गेली. शाळेतली मुलं कमी होत चालली होती. मग ही शाळा एका मोठ्या शिक्षणसंस्थेला चालवायला द्यावी, तिची अकॅडमी करावी, असं ठरू लागलं. पालकांकडे कागद आला: हो की नाही?

"सगळ्या वर्गांना इंग्रजी असेल," शिरीषराव म्हणाले. "उद्या पुण्याला परत गेलो तर ही कुठल्या शाळेत बसणार, सांग. शिवाय मुलांना संध्याकाळी सहापर्यंत सांभाळतील. तुझी ती भाषांतराची नोकरी किती दिवस टांगून ठेवणार आहेस?"

"ते पटतं हो. पण सफाई कंत्राटदाराकडे जाणार. साइतो-सानचं काय?"

"ते निवृत्तीला आलेच आहेत की गं."

"आणि पुन्हा भूकंप झाला तर? तेव्हा शाळेची दारं इथल्याच माणसांनी उघडली. उद्या कुठल्या लांबच्या ऑफिसला विचारायचं?"

वृंदाताई दोन दिवस तो कागद उचलायच्या आणि ठेवायच्या. शेवटी एकदाची खूण केली.

"कशावर केलीस?" नुपूरने विचारलं.

"'हो'वर. मला काम करायचंय, राणी. किती वर्षं झाली घरी बसून."

"वाकात्ता," म्हणजे समजलं, एवढंच बोलून नुपूर दप्तर भरायला लागली. त्या दिवशी ती आईशी मराठीत एक शब्द बोलली नाही.

बहुतेक पालकांचं उत्तर 'हो'च आलं. मार्चमध्ये शेवटची साफसफाई ठरली आणि पालकांनाही बोलावणं आलं. शिरीषराव पँट दुमडून ओणवे झाले, दहा पावलांत धापा टाकत बसले आणि म्हणाले, "बाप रे, तू हे रोज करायचीस?" मग वृंदाताईंनी मला हातात घेतलं. समोरच्या टोकाला साइतो-सान होते, हाताखाली 'पूर' घेऊन. दोघं दोन्हीकडून पुसत आले आणि हॉलच्या मधोमध थांबले. मी आणि तो काठाला काठ लागून होतो.

"नुपूर," नुपूरने मोठ्याने वाचलं. वृंदाताई तिथेच गुडघ्यांवर बसून रडल्या. साइतो-सान वाकून नमस्कार करत म्हणाले, "ओकासान," म्हणजे आई, "नोकरी मन लावून करा." मग त्यांनी 'पूर' पिळला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. मला वाटलं, ओरडावं. पण फडक्याला कुठे आवाज असतो?

आता मी धुण्याच्या मशीनवरच्या कपाटात असतो. खोटं कशाला बोलू, वृंदाताई खुशीत कामाला जातात, नुपूर फाडफाड इंग्रजी बोलते आणि शाळेची फरशी यंत्राने लखलखते म्हणे. पण दुपारचा एक वाजला की अजून माझे धागे धावायला उठतात. तो तिकडे कुठे वाळत असेल? कोणी त्याला उन्हात घालत असेल ना?

मित्रांनो, फडकं वापरलंत तर धुऊन, पिळून वाळत घाला, ओलं कोपऱ्यात टाकू नका. आणि तुमच्या शाळेची फरशी जे कोणी पुसतं, त्यांना एकदा नाव विचारा. माझं विचाराल, तर मी नुसता 'नु'. बाकीचं नाव साइतो-सानच्या खिशात आहे.