बाकावरची हौसा

बायकोचं तेरावं उरकलं त्या दुपारी रुग्णालयातून फोन आला, की ती अजून बाहेरच्या बाकावर बसून आहे.

फोन डॉक्टर शमीम बागवान यांचा होता. त्या काचा बघणाऱ्या डॉक्टर. गाठीचा तुकडा काढला की त्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून रंगवतात, आणि तो दुर्बिणीखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते त्या ठरवतात. पेशंट त्यांना कधी दिसत नाही, काच दिसते. मी विचारलं, कुठल्या बाकावर? त्या म्हणाल्या, माझ्या खोलीसमोरच्या, तुम्ही या. विट्यात माझं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याला कुलूप लावलं, केस काढलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि एसटीत बसलो.

ती बसली होती. तोंड तेच. भुवईवरचा तीळ तोच. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं आणि हातावर आमच्या चुलीचे डाग नव्हते. मी शेजारी बसलो तशी ती जरा सरकली, परक्या माणसाला जागा देतात तशी.

"पावणं, रिपोर्टसाठी आलाय?"

मी हो म्हणालो.

"बसा मग. हितं माणूस जवान येतंय आन् म्हातारं हून जातंय."

नाव विचारलं तर म्हणाली, हौसा तुकाराम शेंडगे. ते मला ठाऊक होतं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. मांडवात ताटभर तांदळात मी बोटानं वैशाली असं लिहिलं आणि ती वैशाली सोपान गळवे झाली. माहेरात मात्र ती हौसाच राहिली. पहिल्यांदा गाठ हाताला लागली तेव्हा ती माहेरी होती. भाऊ पोपट तिला इथं घेऊन आला आणि खिडकीवर त्यानं हौसा शेंडगे असंच सांगितलं. बहिणीला तो दुसऱ्या नावानं ओळखतच नव्हता. गाठ साधी आहे, असा रिपोर्ट आला. तो घेऊन पोपट गावाला गेला. पुढच्या वर्षी मी तिला आणलं ते वैशाली गळवे म्हणून. त्या वेळी कॅन्सर निघाला आणि तो पसरलेला होता. आधीची काच काढून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण वैशाली गळवेची आधीची काच नव्हतीच. रुग्णालयाच्या दृष्टीनं त्या दोन बाया होत्या, एक आजारी आणि एक चांगली. आजारी होती ती वारली. चांगली होती तिला बाकावरून उठ म्हणून कुणी सांगितलं नाही.

बागवान मॅडमनी मला खोलीत बोलावलं. खुर्ची मला दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"काका, मी चुकले," त्या म्हणाल्या. "पहिली काच मीच बघितली होती. कॅन्सर तेव्हाच होता."

असं बोलणारा डॉक्टर मी कधी बघितला नव्हता. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. वैशालीची काच त्या कपाटात ठेवायला गेल्या, तेव्हा शेजारची काच त्यांना त्याच बाईची वाटली. नावं वेगळी होती, पण तुकडा बघून त्यांनी माणूस ओळखलं. मोठ्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की पेशंट गेला, विषय मिटला, जुनी काच उकरू नका. हेही त्यांनीच मला सांगितलं, साहेबांना नावं न ठेवता.

त्यांनी मला दुर्बिणीतून बघायला लावलं. आत माझ्या सासऱ्यांचं अंगण होतं, सगळं गुलाबी. जांभळ्या रंगाची बारकी माणसं पंगतीला बसलेली होती, नीट, ओळीनं. मी म्हणालो, चांगलं दिसतंय की. मॅडमनी काच किंचित सरकवली. एका कोपऱ्यात पंगत मोडली होती. माणसं गडग्यावर चढून पलीकडे बसली होती आणि तिथंही पत्रावळ्या मांडत होती.

"हा कोपरा मी बघितला नाही," मॅडम म्हणाल्या.

मी विचारलं, आता काय करायचं? त्यांनी समजावून सांगितलं. चुकीचा रिपोर्ट आहे तोवर हौसा बाकावर आहे. तो दुरुस्त केला की दोन्ही नावं एका बाईची होतील. मग हौसाला बाकावर बसता येणार नाही. गाठ अजून लहान आहे, म्हणजे ऑपरेशनच्या दारातून ती आत जाऊ शकेल. नाहीतर वैशाली गेली तिकडे जाईल.

"दोन्हीतलं काय होईल?"

"मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी आता सांगणार नाही."

मी म्हणालो, मग राहू दे. बसू दे तिला. मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या की ही गोष्ट त्या हौसाला स्वतः सांगणार आहेत, नातेवाइकांच्या कानात नाही. पण एकट्या बाईला असं सांगायचं नसतं. तिच्या बाजूला तिचं माणूस बसलेलं पाहिजे. पोपट तर परत येत नव्हता.

मी रोज जायला लागलो. सकाळच्या एसटीनं जायचं आणि बाकावर बसायचं. ती मला पावणं म्हणायची. फडक्यातली भाकरी मोडून मला मोठा अर्धा द्यायची. मी एकदा सांगितलं की माझी बायको वारली. तिनं घास खाली ठेवला आणि कशी होती म्हणून विचारलं. मी म्हणालो, चांगली होती. दुसऱ्याचं दुखणं आधी विचारायची. टोचून बोलायची, पण भाकरी टाकून कधी उठली नाही.

"अशा बाईनं तुमच्यात काय बघितलं म्हणायचं?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

वैशाली गेल्यापासून मी हसलो नव्हतो, तो तेव्हा हसलो.

कॉरिडॉर अरुंद होत होता ते माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं नाही. आधी समोरचा बाक गेला. मग माणसं एकमेकांना वाट द्यायला भिंतीला चिकटू लागली. नंतर आमच्यासमोरून जाणाऱ्यांना तिरकं व्हावं लागे आणि त्यांच्या पिशव्या आमच्या गुडघ्यांना घासत. कुणी तक्रार करत नव्हतं. सिस्टर औषधाचा ट्रे डोक्यावर धरून नेत. बागवान मॅडम दर तासाला दार उघडून बघायच्या, मी मान हलवून अजून नको म्हणायचो, त्या दार लावायच्या. दार आता पूर्ण उघडत नव्हतं. भिंतीला लागायचं.

एका सकाळी एक स्ट्रेचर अडकलं. त्यावर कुणाची तरी आई होती, अंगावर गोधडी. पुढे जाईना, मागे येईना. वॉर्डबॉयनं भिंतीला खांदा लावून बघितला. म्हातारी शांत होती, छताकडे बघत होती. तिचा एक हात लोंबत होता तो हौसानं उचलून गोधडीवर ठेवला. मग तिनं दोन्ही भिंतींकडे बघितलं, आणि माझ्याकडे.

"पावणं, ही वाट माझ्यापायी अडलीया का?"

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. वैशालीही असंच करायची. एकदा विचारायची आणि उत्तर येईपर्यंत माणसाकडे बघत राहायची.

मी उठून मॅडमच्या दारावर थाप मारली आणि आत सांगितलं की मी तिचं माणूस म्हणून बसतो.

बागवान मॅडम बाहेर आल्या. खुर्ची मावत नव्हती, म्हणून त्या पांढऱ्या कोटासकट फरशीवर बसल्या. त्यांचे गुडघे आमच्या पायांना टेकले. त्यांनी हौसाचा हात हातात घेतला नाही, गोड बोलल्या नाहीत. आधी आपलं नाव सांगितलं.

"हौसाताई, तुमचा रिपोर्ट मी चुकीचा दिला. तुमची गाठ साधी नाही, कॅन्सरची आहे. चूक माझी आहे, तुमच्या भावाची नाही."

हौसानं ऐकून घेतलं. मग विचारलं, किती दिवस बसले मी हितं? मॅडम म्हणाल्या, फार दिवस, बसायला नको होतं इतके. हौसानं विचारलं, आता उपाय हाय का? मॅडम म्हणाल्या की आहे, आजच आहे, पण लागू पडेल असं वचन त्या देणार नाहीत. एवढं वचन देतील, की यापुढची प्रत्येक काच त्या दोनदा बघतील आणि काय दिसलं ते आधी हौसाला सांगतील.

"डॉक्टरीणबाई," हौसा म्हणाली, "चुकलं म्हणायला तुमी बाहीर आला. लई माणसं आत बसून ऱ्हात्यात."

मॅडमचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत, उठून ऑपरेशनचं दार उघडलं. आत हिरवा उजेड होता. भिंती आता माझ्या दोन्ही खांद्यांना लागत होत्या. स्ट्रेचरवरची म्हातारी मात्र आपोआप पुढे सरकली आणि दिसेनाशी झाली.

दारात सिस्टर होती. तिनं विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे?

हौसा माझ्याकडे वळली. "पावणं, तुमी माझं कोण?"

माझ्याकडे एकच उत्तर होतं. ते दिलं असतं तर ती तिथल्या तिथे वैशाली झाली असती, आणि वैशाली वारलेली होती.

"सोबत आलोय," मी म्हणालो.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान डोलावली.

सिस्टर म्हणाली, बांगड्या काढून नातेवाइकांकडे द्या. हौसानं डाव्या हातातली बांगडी ओढली. ती निघेना, तेव्हा मॅडमनी आपल्या खोलीतला साबण आणून तिच्या हाताला लावला. बांगडी सुटली. हिरवी, काचेची. तिनं ती माझ्या ओंजळीत टाकली. मग दुसरी काढली. मग तिच्या मागची. माझी ओंजळ भरली, मी टोपी काढून धरली, तीही भरली. बांगड्या माझ्या पायांवर पडू लागल्या. फुटत नव्हत्या. हौसा घाई न करता एकेक काढत होती, आणि तिच्या हातात बांगड्या तितक्याच दिसत होत्या. दार मिटायला बघत होतं. बागवान मॅडमनी त्याला पाठ लावली, पाय फरशीवर रोवले आणि म्हणाल्या, सावकाश काढा ताई, मी आहे.